मोमात एक दिवस, दोघं जण: एकाला चित्रांचं वेड, दुसऱ्याला "यात काय आहे?"

दोन_तिकिटं

न्यूयॉर्कच्या सहलीत एक दिवस म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टसाठी, म्हणजे मोमासाठी, राखून ठेवणाऱ्या जोडप्यांसाठी हा धागा. अडचण ठरलेली असते. एकाला प्रत्येक चित्राखालची पाटी वाचायची असते. दुसऱ्याचा तासाभरात "हे तर शाळकरी पोरानंही काढलं असतं" असा सूर लागतो. तिसऱ्या तासाला दोघांचेही पाय बोलायला लागतात आणि मग चित्रं बाजूला राहून भलताच विषय निघतो.

जाणकारांना विचारायचंय. किती तास ठेवावेत? कुठल्या मजल्यापासून सुरुवात करावी? शुक्रवारी संध्याकाळी फुकट असतं म्हणतात, ते खरं का? आणि ज्याला मुळात आवड नाही त्यानं तिथे करायचं काय?

माझं मत आधीच सांगून टाकते: आत गेल्यावर दोघांनी वेगवेगळं फिरावं, जेवायला भेटावं. आता हाणा.

नकाशेवाली

आधी रुक्ष माहिती, म्हणजे पुढचे प्रतिसाद चित्रांवर राहतील.

पत्ता ११ वेस्ट ५३वी स्ट्रीट, पाचव्या आणि सहाव्या ॲव्हेन्यूच्या मधे. ई गाडीनं 'फिफ्थ ॲव्हेन्यू/५३ स्ट्रीट' स्टेशनला उतरलात की दोन मिनिटांवर. बी, डी किंवा एफ पकडली असेल तर '४७-५० स्ट्रीट्स रॉकफेलर सेंटर'ला उतरून थोडं उत्तरेला चालायचं. वेळ १०:३० ते ५:३०, शुक्रवारी रात्री ८:३० पर्यंत. थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमस सोडून रोज उघडं. हे महत्त्वाचं, कारण मेट (मेट्रोपॉलिटन म्यूझियम) बुधवारी बंद असतं आणि व्हिटनी म्यूझियम मंगळवारी. म्हणून मोमा या दोनांपैकी एका दिवशी टाकलं की बाकीचा आठवडा मोकळा राहतो.

तिकीट प्रौढांना ३० डॉलर, १६ वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट. ऑनलाइन काढताना दिवस आणि वेळ दोन्ही निवडावी लागते.

शुक्रवारची फुकट संध्याकाळ आता फक्त न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्यांसाठी आहे. पूर्वी सगळ्यांसाठी होती, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांत अजून तेच लिहिलेलं सापडतं. परदेशी पाहुणा त्या भरवशावर गेला तर दारात तिकीट काढावंच लागतं, वर गर्दीही तीच.

मजले: पाचव्यावर साधारण १८८० ते १९४० च्या दशकांतलं काम, चौथ्यावर १९४० ते ७० चं, दुसऱ्यावर त्यानंतरचं आजपर्यंतचं. तिसऱ्या आणि सहाव्यावर बहुधा तात्पुरती प्रदर्शनं. तळमजल्यावरून शिल्पांच्या बागेत जाता येतं.

थंड_डोकं

शुक्रवारी जायचंच असेल तर दुपारी दोनला आत शिरा आणि साडेपाचला बाहेर पडा. त्यानंतर फुकटवाल्यांची लाट येते.

पायपीट

चित्रांआधी पायांचं बघा. 'म्यूझियम फटीग' हा शब्द १९१६ सालचा आहे. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन आयव्हज गिलमन यांनी एका माणसाला काचेच्या कपाटांसमोर उभं करून त्याचे फोटो काढले. पाट्या वाचायला त्याला किती वाकावं लागतं, मान कुठे वळवावी लागते, हे त्यांत दिसतं. दमणूक चालण्यानं कमी आणि थांबत थांबत चालण्यानं जास्त येते. दोन पावलं, थांबा, वाका, वाचा, परत दोन पावलं. सरळ चार किलोमीटर चालणाऱ्यालाही हे झेपत नाही.

म्हणून दीड तास बघणं, मग अर्धा तास बसणं, मग पुन्हा दीड तास. एकूण साडेतीन ते चार तास. त्यापुढे डोळे उघडे असतात, पण आत काही जात नाही.

थंडीचे दिवस असतील तर कोट आणि सॅक क्लोकरूममध्ये टाका. हातावर घेतलेला कोट तासाभरात दगड होतो. सॅक पाठीवर ठेवून दालनांत फिरणं वाईटच, मागे वळताना ती कशाला लागेल याचा माणसाला अंदाज नसतो. टोकनचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. टोकन एकाच्या खिशात आणि तो माणूस तिसऱ्या मजल्यावर, हे फार वेळा होतं. बाहेर पडायच्या वेळी क्लोकरूमला रांग लागते, तेव्हा शेवटची पंधरा मिनिटं त्यासाठी धरा.

कुंचलेबहाद्दर

दोन_तिकिटं, वेगवेगळं फिरण्याला माझा विरोध आहे, पण त्यावर खाली. आधी पाचवा मजला, कारण बहुतेकांचा दिवस तिथेच बिघडतो.

सगळे जिने चढून थेट ५०१ क्रमांकाच्या दालनाकडे धावतात. तिथे व्हॅन गॉखचं 'द स्टारी नाइट' आहे. जून १८८९, सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना केलेलं, ७३.७ बाय ९२.१ सेंटिमीटर. समोर फोन वर धरलेल्यांचं अर्धवर्तुळ असतं. त्या गर्दीत घुसून समोरून फोटो काढला तर काचेत आपलंच डोकं येतं. त्यापेक्षा गर्दीच्या टोकाला, चित्राच्या कडेला जा. बाजूला जागा जवळजवळ नेहमी रिकामी असते आणि तिरक्या कोनातून रंगाची जाडी दिसते. आकाशातले भोवरे कॅनव्हासवर उठून आलेत. फटकाऱ्यांच्या मधे मात्र काही ठिकाणी कोरा कॅनव्हास तसाच सोडलेला आहे. छापील प्रतीत हे कळत नाही, तिथे सगळं सारखंच सपाट. दुसरी गोष्ट, खिडकीतून त्याला डोंगर आणि आभाळ दिसायचं, खालचं गाव दिसत नव्हतं. गाव त्यानं मनानं घातलंय.

पुढे पिकासोचं 'ले द्म्वाझेल दाव्हिन्यों', १९०७, कुंटणखान्यातल्या पाच बायकांचं. जवळजवळ अडीच मीटर उंच आणि तेवढंच रुंद. सुरुवातीच्या कच्च्या आराखड्यांत दोन पुरुषही होते, एक खलाशी आणि एक वैद्यकीचा विद्यार्थी. नंतर दोघांना काढून टाकलं. आता त्या बायका थेट आपल्याकडे रोखून बघतात, म्हणजे गिऱ्हाईक कोण ते समजा. उजवीकडच्या दोघींचे चेहरे उरलेल्या तिघींशी जुळत नाहीत, ते त्यानं नंतर पुन्हा रंगवले. जोडीदाराला आवड नसली तरी "यातले कुठले दोन चेहरे नंतर बदलले असतील?" एवढं विचारा. माणूस दोन मिनिटं तरी थांबतो.

दालीचं 'द पर्सिस्टन्स ऑफ मेमरी', तेच ते वितळणाऱ्या घड्याळांचं, लोक शोधत शोधत त्याच्यापुढून निघून जातात. डोक्यात भिंतभर चित्र असतं आणि प्रत्यक्षात ते २४ बाय ३३ सेंटिमीटर, ए-फोर कागदापेक्षा जरासं मोठं. जवळ जाऊन मिटलेल्या नारिंगी घड्याळावरच्या मुंग्या बघा. दुसऱ्या एका घड्याळावर माशी आहे.

शेवटी मोनेची कमळं. तीन फलक, प्रत्येक दोन मीटर उंच आणि सव्वाचार मीटर रुंद. समोर बसायची सोय आहे. इथे बसा म्हणजे बसाच. १९५८ च्या आगीत मोमाकडचं मोनेचं कमळांचं मोठं चित्र जळालं. आजचे हे तीन फलक त्यानंतर, १९५९ साली घेतलेले.

आणि क्रम उलटा ठेवा. उघडल्या उघडल्या ५०१ ला झुंबड, मोनेपुढे शुकशुकाट. आधी मोने, मग मागे मागे येत व्हॅन गॉख.

भाऊ_अवांतरकर

म्हणजे कलेचा इतिहास उलटा बघायचा. पिकासो आधी, व्हॅन गॉख नंतर. परीक्षेत नापास होणार दोघंही. हलके घ्या.

नकाशेवाली

भाऊ, उलटं फिरण्यात काही बिघडत नाही. २०१९ च्या नव्या मांडणीपासून मोमानंच सरळ रेषेतला इतिहास बाजूला ठेवलाय. पिकासोच्या त्या १९०७ च्या चित्राच्या दालनात फेथ रिंगगोल्डचं १९६७ चं 'डाय' लावलं होतं, त्यावरून बरीच चर्चा झाली. दोन्ही चित्रांत माणसांची शरीरं तुटक आणि दाटीवाटीनं मांडलेली, मधे साठ वर्षं. जोडीनं बघायला ही जुळणी फार चांगली होती.

रंगारी_नव्हे

माझा प्रश्न धागाकर्तीच्या नवऱ्याच्या बाजूनं (नवराच असणार). पाचवा मजला ठीक, तिथे निदान माणसं, झाडं, घड्याळं आहेत. चौथ्यावर एक अख्खी लाल भिंत, एक काळा चौकोन आणि एक रंग सांडलेली चादर. कौतुक करणारे घाबरून करतात, खरं बोललो तर अडाणी ठरू म्हणून. ही सगळी राजाच्या नव्या कपड्यांची गोष्ट नाही कशावरून?

जिन्यावरची_जाई

रंगारी, प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर वाद घालून मिळत नाही, अंतर मोजून मिळतं. तुम्ही म्हणता ती तिन्ही एकेक करून घेऊ.

'लाल भिंत' म्हणजे बहुतेक बार्नेट न्यूमनचं 'व्हिर हिरोइकस सब्लिमिस', १९५०-५१. साधारण २.४ बाय ५.४ मीटर. लोक चूक काय करतात, तर ते दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन अख्खं नजरेत बसवतात. मग ते खरंच एक लाल पत्र्यासारखं दिसतं. न्यूमननं १९५१ च्या प्रदर्शनात भिंतीवर कागद लावून कळवलं होतं की ही मोठी चित्रं जवळून बघण्यासाठी आहेत. तेव्हा हातभर अंतर ठेवून मधोमध उभं राहा. दोन्ही कडा नजरेच्या बाहेर जातात. आता उभ्या पाच पट्ट्या शोधा. एक पांढरी लगेच दिसते. बाकीच्यांपैकी काहींचा रंग लालाला इतका जवळचा की मान फिरवल्याशिवाय हाती लागत नाहीत. पट्टीच्या कडेशी डोळा न्या. चिकटपट्टी लावून रंग दिला की कड एका ठिकाणी धारदार येते आणि रंग आत झिरपला तिथे फुटते. माणसाच्या हाताची ती खूण आहे.

'काळा चौकोन' ॲड राइनहार्टचा असावा, दीड मीटर बाय दीड मीटर. याच्यापुढे माणूस तीन सेकंद थांबतो आणि फसवलं म्हणत निघतो. गंमत अशी की तो एकच काळा नाही. तीन बाय तीन अशा नऊ घरांत किंचित लालसर, किंचित निळसर, किंचित हिरवट काळे आहेत. उजेडातून आलेल्या डोळ्याला ते दिसतच नाहीत, नजर बसायला मिनिट-दीड मिनिट लागतं. मग हळूहळू आतून एक फुली वर येते. दोघांनी घड्याळ लावून उभं राहावं आणि आधी कोणाला दिसते ते बघावं. शिवाय रंगातलं बरंचसं तेल त्यानं काढून टाकलेलं असल्यामुळे पृष्ठभाग खडूसारखा मऊ आणि चकाकीरहित आहे, बोट लागलं तर डाग राहतो. म्हणून तिथे रखवालदार जरा जास्तच डोळ्यांत तेल घालून असतो. (चित्रातलं तेल कुठे गेलं ते कळलं.)

'रंग सांडलेली चादर' पोलॉकची, 'वन: नंबर ३१, १९५०', २.७ बाय ५.३ मीटर. काठीनं वरून रंग ओघळवलेला, कॅनव्हास जमिनीवर अंथरलेला. त्यावर अस्तराचा रंग दिलेला नाही, त्यामुळे पातळ रंग कापडात मुरून मंद झालाय आणि घट्ट एनॅमल (चकचकीत घररंग) वर राहून चकाकतंय. ही दोन प्रकारची काळी रेघ वेगवेगळी ओळखू आली की थर उलगडायला लागतात. आधी कुठली पडली, नंतर कुठली. दोन रंग ओले असताना भेटले तिथे संगमरवरासारखी नक्षी होते. खालचा वाळल्यावर वरचा पडला असेल तर कड स्वच्छ. रेघेची जाडी ठरते रंगाच्या घट्टपणावर, काठीच्या उंचीवर आणि हाताच्या वेगावर. हात थांबला की थेंबाचा गोळा होतो. सांडलेल्या रंगात असे गोळे जागोजागी असतात. इथे पाच मीटरमध्ये ते किती सापडतात ते मोजा.

त्यानंतर "मला नाही आवडलं" म्हणा. तो हक्क आहेच.

रंगारी_नव्हे

मोजून नंतर नाही आवडलं म्हणायचं. ठीक, ही अट मान्य.

भाऊ_अवांतरकर

राजाच्या कपड्यांवरून आठवलं. १९६१ साली याच मोमात मातीसचं 'ल बातो' (म्हणजे 'होडी') उलटं टांगलेलं होतं. एक-दोन दिवस नाही, ४७ दिवस. लाखाच्या वर लोक पुढून गेले. होडी वर की तिचं प्रतिबिंब वर, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी एका बाईंनी माहितीपत्रकाशी ताडून बघितलं आणि चूक काढली. त्या बाई पेशानं शेअर दलाल होत्या.

तेव्हा रंगारी, नेटानं बघणाऱ्या अडाण्याला तिथे भाव आहे.

कुंचलेबहाद्दर

भाऊ, या गोष्टीतून लोक भलताच निष्कर्ष काढतात. ते कागद कापून केलेलं अगदी मोजक्या आकारांचं काम आहे, होडी आणि पाण्यातली तिची सावली. दोन्ही बाजूंनी चित्र तोललेलं राहतं. चूक टांगणाऱ्यांची, चित्राची नाही.

थंड_डोकं

चित्राला काय, ते दोन्ही बाजूंनी निवांत.

लंडनकडून

जरा वेगळं. तीस डॉलर गुणिले दोन खर्चून नावडतं बघायचं असेल तर सहलीत लंडन असणाऱ्यांनी टेट मॉडर्न धरावं. कायम संग्रह फुकट, तात्पुरत्या प्रदर्शनांना तेवढं तिकीट. बँकसाइडचं जुनं वीजघर, २००० साली संग्रहालय झालं. फुकट असल्याचा खरा फायदा पैशांचा नाही. तिकीट काढलं की ते वसूल करायला माणूस दमेपर्यंत फिरतो. फुकट असलं की तासाभरात बाहेर पडायला लाज वाटत नाही, चहा पिऊन परत आत येता येतं. नाराज जोडीदारासाठी हेच औषध.

तिथली चित्रकार रॉथकोच्या चित्रांची खोली मुद्दाम मंद उजेडात ठेवलेली आहे. त्याची स्वतःचीच तशी इच्छा होती. आत शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत बाकावर बसून राहायचं.

पॅरिसवाल्यांसाठी: पाँपिदू सेंटर २०२५ पासून मोठ्या दुरुस्तीसाठी बंद आहे, २०३० चं बोलतात. माद्रिदला रेना सोफिया संग्रहालय मंगळवारी बंद. तिथलं पिकासोचं 'गेर्निका' १९८१ पर्यंत मोमाकडेच होतं.

नकाशेवाली

तिकीट वसूल करायच्या मुद्द्याला +१. मोमात दमणाऱ्यांचं मूळ तेच.

मंद उजेडावरून एक. मोमातही रेखाचित्रं, छापचित्रं, फोटो यांच्या दालनांत एकदम अंधारल्यासारखं होतं. दिवे बिघडलेले नसतात. कागदावरच्या कामांवर साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेडाचं माप) उजेड ठेवतात. उजेडानं कागद पिवळा पडतो, रंग उडतो आणि ते नुकसान साचत जातं, परत भरून येत नाही. त्यामुळे ही कामं थोडे महिनेच बाहेर असतात, मग लांब विश्रांती. फ्लॅश बंद ठेवायला सांगतात. सेल्फी स्टिक आणि ट्रायपॉडही चालत नाही.

यावरूनच सगळ्यात मोठी निराशा कशी होते ते सांगते. मोमा आपल्या दालनांतली कामं ठरावीक काळानं बदलतं. 'अमुक चित्रासाठीच आलोय' म्हणून गेलेला माणूस रिकाम्या हातांनी परततो, कारण ते उसनं गेलेलं असतं किंवा तळघरात असतं. आदल्या रात्री मोमाच्या संकेतस्थळावर चित्राचं नाव टाका. सध्या भिंतीवर असेल तर दालनाचा क्रमांक येतो. वरच्या प्रतिसादांतल्या प्रत्येक नावासाठी हे करा, राइनहार्टसाठी तर नक्कीच.

कुंचलेबहाद्दर

अनुमोदन. गायतोंड्यांचं १९६२ चं एक तैलचित्र मोमाच्या संग्रहात आहे. ते शोधायचं मनात असेल तर तेही आधी तपासा, नाहीतर सगळे मजले पालथे घालाल.

पाटीवाचक

पाट्यांबद्दल कोणी बोललं नाही. लोक आधी पाटी वाचतात, मग चित्राकडे नुसता दुजोऱ्यापुरता डोळा टाकतात. मेटमध्ये केलेल्या एका अभ्यासात (२००१ साली प्रसिद्ध) एका कलाकृतीपुढचा वेळ सरासरी २७.२ सेकंद निघाला, मध्यक तर १७ सेकंद, म्हणजे निम्म्या वेळा त्याहूनही कमी. पाटी वाचणं त्यातच आलं. उरलं काय?

दोघं असाल तर सोपी युक्ती आहे. एकानं पाटी वाचायची, दुसऱ्यानं वाचायची नाही. न वाचणाऱ्यानं आधी काय दिसतंय ते सांगायचं, मग वाचणाऱ्यानं साल आणि माध्यम सांगायचं. पुढच्या चित्राला अदलाबदल. पाटीवरच्या मजकुराचा अर्धा ताण इथेच कमी होतो.

पाटीत तीन गोष्टी बघण्यासारख्या. माध्यम: 'ऑइल अँड एनॅमल' लिहिलं असेल तर भिंतीला लावायच्या जातीचा रंग आहे, त्याची चकाकी शोधा. श्रेय: ते कोणी दिलं किंवा कोणाच्या निधीतून घेतलं. आणि संग्रहाचा क्रमांक. 'स्टारी नाइट'चा ४७२.१९४१ आहे, म्हणजे ते १९४१ साली मोमाकडे आलं. काढलं कधी आणि इथे आलं कधी यातलं अंतर बघत गेलं की संग्रहालयाची आवड कशी बदलत गेली तेही कळतं. हिशेबी जोडीदाराला हा खेळ चित्रांपेक्षा जास्त आवडतो.

जिन्यावरची_जाई

खेळांत वॉरहॉलचे सूपचे डबे घाला. १९६२, बत्तीस कॅनव्हास, प्रत्येक सुमारे ५१ बाय ४१ सेंटिमीटर. सगळे छापाचे वाटतात, पण हातानं रंगवलेले आहेत, खालच्या पट्टीवरची फुलं ठशानं उठवलेली. प्रत्येक डबा वेगळ्या चवीचा. एका चीजच्या डब्यावर 'नवीन' म्हणून वेगळी जाहिरातपट्टी आहे, ती आधी कोण शोधतं बघा. मग फुलांच्या रांगा जवळून बघा, ठसा कुठे पुसट उमटलाय, कुठे जरा सरकलाय. यंत्रासारखं करू पाहणारा हात कुठे चुकला ते शोधण्यात मजा आहे.

पोलॉकचंच 'फुल फॅदम फाइव्ह' (१९४७) लावलेलं असेल तर तेही. रंगाच्या थरांत खिळे, बटणं, नाणी, काड्या आणि एक किल्ली रुतलेली आहे. किल्ली सापडल्याशिवाय कोणी हलत नाही.

पायपीट

आणि जवळ जाताना हात मागे बांधा. बोटानं किंवा पेनानं दाखवायची सवय असेल तर रखवालदार दोनदा तरी टोकणार. दुशाँच्या स्टुलावर बसवलेल्या सायकलच्या चाकापुढे तर हात खिशातच घाला, फिरवून बघायचा मोह होतो. टिपणं काढायची तर शिसपेन्सिल न्या.

दोन_तिकिटं

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना धन्यवाद, वाचनखूण साठवली. पण मूळ प्रश्न लोंबकळतोच आहे: बरोबर फिरायचं की वेगळं? कुंचलेबहाद्दर, तुम्ही "त्यावर खाली" म्हणालात आणि खाली मातीसवर भांडत बसलात.

कुंचलेबहाद्दर

पकडलंत. विरोध यासाठी की वेगळे फिरले की जेवताना एक जण बोलतो आणि दुसरा मान हलवतो. दोघांनी बघितलेलं सारखं नसेल तर बोलणार कशावर?

थंड_डोकं

आणि सतत बरोबर फिरले की हळू चालणारा घाई करतो, भरभर चालणारा उसासे टाकतो. आवडीचा प्रश्न नाहीच हा, वेगाचा आहे. दोघंही चित्रवेडे असले तरी वेग जुळत नाही.

जिन्यावरची_जाई

थंड_डोक्याशी सहमत. उपाय मधला आहे. मजल्यावर पोचल्यावर पहिली चाळीस मिनिटं वेगळे. प्रत्येकानं एकच काम निवडायचं, आवडलेलं किंवा सगळ्यात डोक्यात गेलेलं. भेटायची जागा आधी ठरवायची आणि ती हमखास सापडणारी हवी. पाचव्यावर मोनेसमोरचा बाक उत्तम, आधी पोचलेल्याला बसता येतं. चौथ्या मजल्यावर कुठलं दालन ते आदल्या रात्री संकेतस्थळावर बघून ठरवा. मग वीस मिनिटं बरोबर. तो त्याचं चित्र दाखवणार, ती तिचं. दोन चित्रं, प्रत्येकी दहा मिनिटं. जेवताना मान हलवायची वेळ येत नाही.

"सापडलं की फोन कर" यावर विसंबू नका. लोक दालनांत फोन आवाज बंद करून ठेवतात. आणि 'जिन्याजवळ भेटू' तर मुळीच म्हणू नका, जिने एकाहून जास्त आहेत. फार तर 'हेलिकॉप्टरखाली' म्हणा. जिन्याच्या वर बेल कंपनीचं हिरवं हेलिकॉप्टर टांगलेलं आहे, ते चुकत नाही.

पाटीवाचक

ध्वनिमार्गदर्शक फोनवर फुकट ऐकता येतो, पण वेगळ्या फिरण्याच्या चाळीस मिनिटांतच ऐका. स्वतःचे इअरफोन न्या. एकाच फोनचे दोन बोंडे दोघांनी घालून फिरणं दिसायला गोड, पण पहिल्याच खांबापाशी वायर ताणते.

दोन_तिकिटं

मग असं धरते. बुधवार, १०:३० चं तिकीट. कोट-सॅक क्लोकरूममध्ये, टोकनचा फोटो दोघांकडे. थेट पाचवा मजला, आधी मोने, मग उलट येत व्हॅन गॉख, शेवटी बाकावर भेट आणि वीस मिनिटं जोडीनं. बाराच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावरच्या कॅफेत अर्धा तास बसणं. मग चौथा: न्यूमन, राइनहार्ट असलाच तर घड्याळ लावून, पोलॉक, सूपचे डबे. अडीचला शिल्पांची बाग, तीनला बाहेर. दुसऱ्या मजल्यावरचं काम यात बसत नाही.

पायपीट

नाहीच बसवायचं. कॅफेला जाता-येता दिसेल तेवढं. एक सुधारणा: साडेबाराला कॅफेत रांग असते, म्हणून बाराची वेळ पुढे ढकलू नका. उशीर झालाच तर आधी चौथा मजला उरका आणि दोनला खा.

नकाशेवाली

आणि दुकानासाठी वेगळा वेळ ठेवायला नको. मोमाचं डिझाइन स्टोअर समोरच्याच फुटपाथवर आहे, तिथे जायला तिकीट लागत नाही. बाहेर पडल्यावर जा, हातात पिशव्या घेऊन दालनांत फिरू नका.

रंगारी_नव्हे

राइनहार्टपुढे दीड मिनिट उभं राहायचं ठरवलंय. फुली नाही दिसली तर याच धाग्यावर येऊन भांडणार.

जिन्यावरची_जाई

बाहेरच्या उन्हातून थेट जाऊ नका आणि उभं असताना फोनकडे बघू नका, पडद्याच्या उजेडानं डोळा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. मग भांडायला या.

भाऊ_अवांतरकर

दिसली तर ती सरळ आहे की उलटी तेही ताडून बघा. फुलीचं सांगता येत नाही.